मेटानोइया

मेटानोइया : बायबलच्या नव्या करारातील एक मूलभूत ग्रीक संज्ञा. मराठी बायबलमध्ये तिच्यासाठी सामान्यतः ‘पश्चात्ताप’ हा शब्द योजलेला आढळतो. ‘विचार बदलणे’ हा या संज्ञेचा व्यावहारिक ग्रीक भाषेतील मूळ अर्थ. नव्या करारात मात्र पापाचरण सोडून ईश्वराकडे वळणे आणि त्यानुसार संपूर्ण जीवनाची दिशा बदलणे, असा व्यापक अर्थ तिला प्राप्त झाला. बाप्तिस्मा करणारा योहान आणि येशू ख्रिस्त या दोघांच्याही उपदेशाचा आरंभ याच शब्दाच्या क्रियापदाने होतो, असे मत्तयाच्या शुभवर्तमानात नमूद केले आहे. या एका शब्दाच्या भाषांतरावरून पापक्षमा कशी मिळते व ती देण्याचा अधिकार कोणाचा, हे प्रश्न उपस्थित झाले आणि सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेच्या वादात त्यांना मध्यवर्ती स्थान मिळाले. त्यामुळे मेटानोइया या संज्ञेचा इतिहास हा केवळ शब्दार्थाचा इतिहास नसून पाश्चात्त्य ख्रिस्ती धर्मसंस्थेच्या इतिहासाचाही एक भाग होय.

व्युत्पत्ती व अभिजात ग्रीक वाङ्मय : ‘मेटा’ (नंतर, बदल दर्शविणारा उपसर्ग) आणि ‘नोएओ’ (जाणणे, विचार करणे) यांपासून ‘मेटानोएओ’ हे क्रियापद व त्यावरून मेटानोइया हे नाम सिद्ध झाले. नोएओ हे क्रियापद ‘नूस’ म्हणजे मन वा बुद्धी या शब्दाशी संबद्ध आहे. आधी विचार करणे या अर्थाच्या ‘प्रोनोएओ’ या क्रियापदाच्या उलट, मागाहून सुचणे व त्यामुळे मत बदलणे, असा मेटानोएओचा मूळ अर्थ होता. या बदलात नैतिक सुधारणा अभिप्रेत असेच असे नाही. चांगला बेत सोडून वाईट बेत स्वीकारणाऱ्यालाही हे क्रियापद लागू पडे. झेनोफनने (इ. स. पू. सु. ४३०–३५४) सायरसविषयक ग्रंथाच्या प्रारंभी ते निव्वळ बौद्धिक अर्थाने वापरले आहे : माणसांवर राज्य करणे अशक्यप्राय आहे असे आपले मत होते, परंतु सायरसचे उदाहरण पाहून ते बदलणे भाग पडले, असे तो म्हणतो.

मतपरिवर्तनाबरोबर खेदाची छटा कशी येते, याचे उत्तम उदाहरण थ्यूसिडिडीझच्या इतिहासात आढळते. इ. स. पू. ४२७ मध्ये मिटिलीनी या नगराचे बंड मोडल्यावर तेथील सर्व प्रौढ पुरुषांना ठार करावे व स्त्रिया आणि मुले यांना गुलाम म्हणून विकावे, असा ठराव अथेन्सच्या लोकसभेने केला आणि आज्ञा घेऊन एक जहाज रवाना झाले. दुसऱ्या दिवशी अथेन्सवासीयांच्या मनात जी चलबिचल झाली, तिच्यासाठी थ्यूसिडिडीझने मेटानोइया हाच शब्द योजला आहे. लोकसभा पुन्हा भरली, ठराव अल्प मताधिक्याने रद्द झाला आणि मागाहून निघालेले दुसरे जहाज कत्तलीपूर्वी जेमतेम पोहोचले. येथे मेटानोइया म्हणजे निर्णयाचा फेरविचार होय. तो एका कृतीपुरता आहे; त्यामुळे अथेन्सवासीयांचे चारित्र्य वा राज्यधोरण बदलले नाही.

याच अर्थक्षेत्रातील दुसरा ग्रीक शब्द ‘मेटामेलेइया’ हा होय. ज्याची आधी पर्वा वाटली नव्हती त्याची मागाहून टोचणी लागणे, हा त्याचा आशय. लौकिक ग्रीकमध्ये हे दोन्ही शब्द पुष्कळदा एकमेकांऐवजी वापरले जात. स्टोइक तत्त्वज्ञांनी मेटानोइयाला दोषच मानले. ज्ञानी पुरुष मुळातच योग्य निर्णय घेतो, म्हणून मत बदलण्याचा प्रसंग त्याच्यावर येत नाही, अशी त्यांची भूमिका होती. या पार्श्वभूमीवर त्याच शब्दाला बायबलच्या परंपरेत लाभलेली प्रतिष्ठा विशेष लक्षणीय ठरते.

सेप्ट्युअजिंट व ज्यू परंपरा : जुन्या कराराच्या हिब्रू संहितेत या संदर्भात दोन धातू महत्त्वाचे आहेत. ‘नाहम’ या धातूचा अर्थ खेद वाटणे, मन द्रवणे, बेत बदलणे असा असून, ‘शूव’ या धातूचा अर्थ मागे वळणे, परत येणे असा आहे. वाट चुकलेल्या इस्राएलने ईश्वराकडे परत यावे, हे संदेष्ट्यांचे आवाहन मुख्यत्वे दुसऱ्या धातूने व्यक्त होते. इ. स. पू. तिसऱ्या शतकापासून सिद्ध होत गेलेल्या ‘सेप्ट्युअजिंट’ या ग्रीक भाषांतरात शूवसाठी सामान्यतः ‘एपिस्ट्रेफो’ वा ‘आपोस्ट्रेफो’ (वळणे) ही क्रियापदे येतात. मेटानोएओ हे क्रियापद प्रायः नाहमसाठी येते आणि अनेकदा त्याचा कर्ता मनुष्य नसून ईश्वर असतो. ईश्वर माणसाप्रमाणे आपला विचार बदलत नाही, असे पहिल्या शमुवेलात म्हटले आहे, तर यिर्मया व योना यांच्या ग्रंथांत राष्ट्राने दुराचार सोडल्यास ईश्वर योजिलेले अरिष्ट टाळतो, असा आशय या क्रियापदाने व्यक्त केला आहे.

योनाच्या ग्रंथातील निनवे नगराची कथा या दृष्टीने उद्‌बोधक आहे. ग्रीक भाषांतरात निनवेचे लोक आपल्या दुष्ट मार्गापासून ‘वळतात’ आणि ते पाहून ईश्वराचे ‘मेटानोइया’ होते. पुढे मत्तय व लूक यांच्या शुभवर्तमानांत येशू याच कथेचा उल्लेख करतो, तेव्हा मेटानोइया निनवेच्या लोकांचे झाले, असे म्हटले आहे. हा शब्द ईश्वराकडून मनुष्याकडे आला आणि शूव या धातूतील परतण्याचा आशय त्याने आपल्यात सामावून घेतला.

हे स्थित्यंतर मधल्या काळातील ज्यू वाङ्मयात घडून आले. सीराखपुत्राच्या ग्रंथाच्या ग्रीक पाठात हनोख हा मेटानोइयाचा आदर्श म्हणून येतो. मनश्शेच्या प्रार्थनेत ईश्वराने नीतिमानांसाठी नव्हे, तर पाप्यांसाठी मेटानोइया नेमले आहे, असा विचार आढळतो. योसेफ व आसनथ यांच्या आख्यानात तर मेटानोइया ही परात्पर ईश्वराची कन्या म्हणून मूर्तिमंत अवतरते. अलेक्झांड्रियाचा ज्यू तत्त्वज्ञ फिलो (इ. स. पू. सु. २०–इ. स. सु. ५०) याने सद्‌गुणांवरील आपल्या ग्रंथात या विषयाला स्वतंत्र प्रकरण दिले. कधीही पाप न करणे हे ईश्वराचे लक्षण आणि पापातून सावरणे हे शहाण्या माणसाचे लक्षण होय, असे तो मानतो व त्यासाठी आरोग्य आणि रोगमुक्ती यांचा दृष्टांत देतो. ज्याला स्टोइकांनी उणीव म्हटले, त्याला फिलोने सद्‌गुणांच्या पंक्तीत बसविले. इ. स. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस वा त्यानंतर हिब्रू बायबलचे नवे ग्रीक भाषांतर करणाऱ्या सिमाकसने शूवसाठीही मेटानोएओ हे क्रियापद वापरले, यावरून अर्थाचा हा विस्तार कसा स्थिरावला ते दिसते. ज्यू धर्मातील ‘तेशुवा’ ही संज्ञा शूव याच धातूपासून आली आहे.

नवा करार : नव्या करारात मेटानोएओ हे क्रियापद ३४ वेळा व मेटानोइया हे नाम २२ वेळा आले आहे. त्यांची विभागणी विषम आहे. लूकचे शुभवर्तमान आणि प्रेषितांची कृत्ये या एकाच लेखकाच्या मानल्या जाणाऱ्या दोन ग्रंथांत मिळून २५ आणि प्रकटीकरणात १२ प्रयोग आढळतात. याउलट योहानाच्या शुभवर्तमानात व त्याच्या नावावरील तीन पत्रांत हा शब्द एकदाही येत नाही. तेथे श्रद्धा, नवा जन्म, अंधारातून प्रकाशात येणे या कल्पनांनी तोच आशय व्यक्त होतो. पौलाच्या पत्रांतही हा शब्द विरळा आहे.

शुभवर्तमानांत मेटानोइयाचा संबंध ईश्वराच्या राज्याच्या आगमनाशी जोडलेला आहे. ते राज्य जवळ आले आहे, म्हणून परतावे, असे हे आवाहन आहे. केवळ मनोवृत्ती बदलणे त्यात पुरेसे नाही, हे लूकने विशेष स्पष्ट केले आहे. मेटानोइयाला साजेशी फळे द्या, असे योहान लोकांना बजावतो. मग आम्ही काय करावे, असे ते विचारतात. ज्याच्याजवळ दोन अंगरखे आहेत त्याने एक द्यावा. जकातदारांनी नेमून दिल्याहून अधिक वसूल करू नये. शिपायांनी लोकांना लुबाडू नये व आपल्या वेतनात समाधान मानावे, अशी त्याची उत्तरे आहेत. उपास वा यज्ञ यांचा त्यांत उल्लेख नाही. प्रत्येकाला त्याच्या व्यवसायातील अन्याय सोडण्यास सांगितले आहे. हरवलेले मेंढरू व हरवलेले नाणे या दृष्टांतांच्या शेवटी एका पाप्याच्या मेटानोइयाने स्वर्गात होणाऱ्या आनंदाचे वर्णन येते. त्यांच्या पाठोपाठ येणाऱ्या उधळ्या पुत्राच्या दृष्टांतात हा शब्द नाही. परंतु शुद्धीवर येऊन घराकडे परत निघालेल्या मुलाचे चित्र हेच त्याचे सर्वोत्तम विवरण मानले जाते.

प्रेषितांच्या कृत्यांत मेटानोइया आणि एपिस्ट्रेफो ही पदे दोन ठिकाणी जोडीने येतात. त्यांवरून पहिल्याचा रोख सोडण्यावर व दुसऱ्याचा ईश्वराकडे वळण्यावर आहे, असे अनेक भाष्यकार मानतात. याच ग्रंथात मेटानोइया हे ईश्वराने दिलेले दान म्हटले आहे. माणसाने करावयाची कृती आणि ईश्वराची देणगी या दोन बाजूंमधील ताण पुढील धर्मशास्त्रीय वादांत पुनःपुन्हा डोके वर काढतो.

मेटामेलेइयाशी असलेला भेद करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या सातव्या अध्यायात दिसतो. ईश्वराला अनुसरून झालेले दुःख मेटानोइया उत्पन्न करते, तर जगाचे दुःख मरणाला कारण होते, असे पौलाचे प्रतिपादन आहे. म्हणजे दुःख हे मेटानोइयाचे निमित्त आहे, मेटानोइया नव्हे. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूला पकडून देणाऱ्या यहूदाला आपल्या कृत्याची खंत वाटते. तेथे मेटामेलेइयाचेच क्रियापद वापरले असून तो पुढे आत्मघात करतो. तथापि दोन शब्दांतील सीमारेषा सर्वत्र काटेकोर नाही. मत्तयातील दोन मुलांच्या दृष्टांतात, आधी नकार देऊन नंतर मळ्यात कामाला जाणाऱ्या मुलासाठी मेटामेलेइयाचे क्रियापदच आले आहे आणि तेथे त्याचे फळ चांगले आहे.

प्रकटीकरणात हा शब्द व्यक्तीऐवजी समूहाला उद्देशून येतो. आशिया प्रांतातील ज्या सात मंडळ्यांना पत्रे लिहिली आहेत, त्यांपैकी एफेसस, पर्गमम, थायटीरा, सार्डिस व लाओडिसीया या पाच मंडळ्यांशी संबंधित पत्रांत हे क्रियापद आठ वेळा आले आहे. उरलेले चारही प्रयोग नकारात्मक आहेत. अरिष्टे कोसळूनही लोकांचे मेटानोइया झाले नाही, असे त्यांत म्हटले आहे.

आद्य ख्रिस्ती संघ : बाप्तिस्म्यानंतर पुन्हा गंभीर पाप घडल्यास काय, हा प्रश्न लवकरच उद्‌भवला. एकदा प्रकाश लाभून पतित झालेल्यांना मेटानोइयाकडे पुन्हा आणणे अशक्य आहे, असे इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे. दुसऱ्या शतकात रोममध्ये लिहिल्या गेलेल्या हर्मसच्या ‘मेंढपाळ’ या ग्रंथात बाप्तिस्म्यानंतर एकदा, आणि एकदाच, संधी मिळते असा तोडगा दिला आहे. सम्राट डीशसच्या आज्ञेने इ. स. २५० मध्ये झालेल्या छळात पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी रोमन देवतांना बली अर्पण केला. त्यांना परत घ्यावे की नाही, यावरून कार्थेजचा बिशप सिप्रियन व रोममधील नोव्हेशन यांच्यात तीव्र मतभेद झाला. प्रदीर्घ परीक्षेनंतर त्यांना परत घ्यावे, हे सिप्रियनचे मत मान्य झाले; नोव्हेशनच्या अनुयायांचा पंथ वेगळा झाला. मेटानोइयाची सत्यता ठरविण्याचा अधिकार येथून उत्तरोत्तर बिशपांकडे केंद्रित होत गेला.

लॅटिन भाषांतर व प्रायश्चित्त संस्कार : पश्चिमेकडील लॅटिन भाषांतरकारांनी या संज्ञेसाठी ‘पेनिटेन्शिया’ (खेद, अनुताप) हा शब्द निवडला. तो अपुरा असल्याची जाणीव प्रारंभापासून होती. ग्रीक शब्द अपराधाच्या कबुलीवरून नव्हे, तर मनाच्या बदलावरून घडला आहे, असे टर्टलियनने (सु. १६०–सु. २२५) मार्शनविरुद्धच्या ग्रंथात नोंदविले आहे. लॅक्टॅन्शिअसने (सु. २५०–सु. ३२५) ‘रेसिपिसेन्शिया’, म्हणजे शुद्धीवर येणे, हा पर्याय अधिक समर्पक ठरविला. तथापि सेंट जेरोमने चौथ्या शतकाच्या अखेरीस शुभवर्तमानांच्या लॅटिन भाषांतराचे संस्करण करताना रूढ शब्दच कायम ठेवला आणि व्हल्गेट बायबलमध्ये ‘पेनिटेन्शिया करा’ अशी शब्दयोजना स्थिर झाली. लॅटिन वाक्प्रचारानुसार तिचा अर्थ ‘अनुताप पावा’ असाच होता. परंतु प्रायश्चित्ताची पद्धती जसजशी विकसित झाली, तसतसा त्या शब्दांतून ‘नेमलेले प्रायश्चित्त करा’ असा अर्थ ध्वनित होऊ लागला.

सहाव्या शतकापासून आयरिश मठांत प्रत्येक पापासाठी उपवासादी प्रायश्चित्ते ठरवून देणाऱ्या संहिता तयार झाल्या आणि धर्मगुरूजवळ खाजगीत पापनिवेदन करण्याची चाल यूरोपभर पसरली. बाराव्या शतकात पीटर लाँबर्डने हृदयाचा अनुताप, मुखाने पापनिवेदन आणि कृतीने भरपाई अशी पेनिटेन्शियाची तीन अंगे सांगितली. चौथ्या लॅटरन परिषदेने १२१५ मध्ये प्रत्येक प्रौढ ख्रिस्ती व्यक्तीस वर्षातून एकदा तरी पापनिवेदन सक्तीचे केले. भरपाईची शिक्षा कमी करून देणारी क्षमापत्रे याच व्यवस्थेतून निघाली आणि त्यांच्या विक्रीतून मोठी रक्कम उभी राहू लागली.

धर्मसुधारणा : इटालियन मानवतावादी लोरेन्झो व्हाल्ला (१४०७–५७) याने ग्रीक संहितेशी व्हल्गेट ताडून पाहिले व मेटानोइया म्हणजे मनाचा पालट, हे पुन्हा दाखवून दिले. त्याची टिपणे इरॅस्मसने १५०५ मध्ये पॅरिस येथे प्रसिद्ध केली. पुढे इरॅस्मसने नव्या कराराची ग्रीक संहिता बाझेल येथे १५१६ मध्ये छापली आणि आपल्या टीपांमध्ये लॅक्टॅन्शिअसच्या शब्दाकडे परत जाण्याचे सुचविले. त्याला भाषाशुद्धी अभिप्रेत होती. तिचे पर्यवसान मात्र संस्थात्मक संघर्षात झाले.

मार्टिन ल्यूथरच्या ऑक्टोबर १५१७ मधील पंचाण्णव प्रमेयांपैकी पहिली दोन याच शब्दाविषयी आहेत. श्रद्धावंताचे संपूर्ण जीवन हेच मेटानोइया असावे, असे ख्रिस्ताला अभिप्रेत होते आणि त्याचे शब्द धर्मगुरूकरवी होणाऱ्या पापनिवेदन व भरपाई यांच्या संस्काराला उद्देशून नाहीत, असा त्यांचा आशय आहे. मे १५१८ मध्ये आपला वरिष्ठ योहान फोन श्टाउपिट्स याला लिहिलेल्या पत्रात त्याने ग्रीक शब्दाच्या अर्थाने आपल्याला कसा दिलासा दिला, ते सांगितले आहे. जो शब्द पूर्वी सर्वांत कटू वाटे, तोच आता गोड वाटू लागला, असा त्याचा अनुभव होता. तरीही त्याच्या जर्मन बायबलच्या रूढ पाठात ‘बूसे’ हा भरपाई व प्रायश्चित्त यांची छटा असलेला जुना शब्दच आढळतो. शब्द बदलण्यापेक्षा त्याचा अर्थ उपदेशातून बदलणे त्याला शक्य झाले.

इंग्लंडमध्ये हा वाद भाषांतरावरच झाला. विल्यम टिंडलने १५२६ च्या इंग्रजी नव्या करारात ‘पेनन्स’ऐवजी ‘रिपेन्टन्स’ हा शब्द वापरला. सर टॉमस मोरने १५२९ च्या आपल्या संवादग्रंथात त्यावर आक्षेप घेतला; कारण पहिला शब्द गेला म्हणजे संस्काराचा शास्त्राधारही जाईल, हे त्याने अचूक ओळखले होते. टिंडलला १५३६ मध्ये पाखंडी ठरवून देहान्ताची शिक्षा देण्यात आली. एका वर्षापूर्वी मोरचाही, राजाचे चर्चवरील प्रमुखत्व नाकारल्यामुळे, शिरच्छेद झाला होता. १५८२ च्या रॅन्स येथील कॅथलिक इंग्रजी भाषांतराने ‘पेनन्स करा’ हा प्रयोग राखला, तर १६११ च्या अधिकृत इंग्रजी भाषांतराने टिंडलचा मार्ग अनुसरला.

ट्रेंटच्या परिषदेने १५५१ मध्ये प्रायश्चित्त हा ख्रिस्ताने स्थापिलेला संस्कार असल्याचे पुन्हा घोषित केले. पापाच्या ऐहिक शिक्षेची भरपाई होऊच शकत नाही आणि नवे जीवन हेच काय ते उत्तम प्रायश्चित्त, हे मत तिने निषिद्ध ठरविले. त्यानंतर चार शतकांनी, १९६६ मध्ये, पोप सहावे पॉल यांनी प्रायश्चित्तविषयक आदेशात मेटानोइया हीच ग्रीक संज्ञा योजून बाह्य कृत्यांचे मूल्य अंतःकरणाच्या परिवर्तनावर अवलंबून असल्याचे प्रतिपादन केले. 

ग्रीक भाषिक ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये भाषांतराचा प्रश्नच उद्‌भवला नाही. तेथे मठजीवनात मेटानोइया या शब्दाला देहाच्या कृतीचाही अर्थ आला. प्रार्थनेच्या वेळी कमरेतून लवणे वा साष्टांग नमन करणे, यासही मेटानोइया असेच म्हणतात.

आधुनिक अभ्यास : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मेटानोइया म्हणजे निव्वळ दृष्टिपालट, त्यात खेदाचा अंश नाही, असे मत काही लेखकांनी मांडले. ते प्रामुख्याने व्युत्पत्तीवर आधारलेले होते. शब्दाचा अर्थ त्याच्या घटकांवरून नव्हे, तर वाक्यातील वापरावरून ठरतो, असा दंडक जेम्स बार याने १९६१ मध्ये बायबलच्या भाषेच्या अर्थमीमांसेवरील ग्रंथात घालून दिला. तो लावला असता नव्या करारात गोणपाट व राख यांसारखी शोकचिन्हे, पापाची कबुली आणि आचरणातील बदल ही सर्व या शब्दाच्या सान्निध्यात येतात, असे दिसते. डेव्हिड लँबर्ट याने २०१६ च्या आपल्या ग्रंथात आणखी पुढचा प्रश्न उपस्थित केला आहे. आंतरिक पश्चात्ताप ही कल्पना हेलेनिस्टिक काळात घडली व नंतर ती हिब्रू बायबलमध्ये मागाहून वाचली गेली, असे त्याचे मत आहे.

मराठी अनुवाद : मराठीत नवा करार श्रीरामपूरच्या मिशनने १८११ मध्ये छापला. पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) हिब्रू व ग्रीक या मूळ भाषांचा अभ्यास करून केलेले संपूर्ण बायबलचे भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. मराठी ख्रिस्ती परिभाषेत रूढ झालेल्या ‘पश्चात्ताप’ या शब्दात ‘पश्चात्’ हा पूर्वभाग ‘मेटा’शी जुळतो, परंतु ‘ताप’ या उत्तरभागात मनाच्या पालटाऐवजी मनाचा दाह आहे. त्यामुळे व्युत्पत्तीच्या दृष्टीने तो मेटामेलेइया वा पेनिटेन्शिया यांना अधिक जवळचा आहे. कॅथलिक संस्कारासाठी ‘प्रायश्चित्त’ हा धर्मशास्त्रातील शब्द योजल्याने विहित कृतीची छटाही मराठीत आली. धर्मशास्त्रालाही हा भेद अपरिचित नव्हता. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पापाची कबुली, अनुताप, तप, अध्ययन व दान ही शुद्धीची साधने सांगून, पुन्हा तसे न करण्याच्या निश्चयाने निवृत्त झाल्यानेच माणूस शुद्ध होतो, असेही म्हटले आहे. ‘मनःपरिवर्तन’ हा शब्द व्युत्पत्तीला अधिक धरून असला, तरी त्यात आचरणाची अपेक्षा स्पष्ट होत नाही. खेद, परतणे आणि तदनुसार वागणे हे तिन्ही अर्थ एकत्र वाहणारा शब्द लॅटिनप्रमाणे मराठीतही उपलब्ध नाही. म्हणून ‘पश्चात्ताप’ या रूढ शब्दाचा अर्थ प्रत्येक ठिकाणी संदर्भाने पुरा करून घ्यावा लागतो. जकातदार व शिपाई यांना दिलेली योहानाची उत्तरे त्यासाठी सर्वांत विश्वसनीय मार्गदर्शक ठरतात.